चढ सकाळी, नदी संध्याकाळी: श्टुटगार्टहून एका दिवसात ट्युबिंगन

श्टुटगार्ट आणि आसपासच्या मराठी घरांत मे-जूनमध्ये देशातून आईबाबा येतात. पहिल्या दोन आठवड्यांत हायडेलबर्गचा किल्ला होतो, ब्लॅक फॉरेस्टची सहल होते, मर्सिडीजचं संग्रहालय होतं. मग एखाद्या शुक्रवारी रात्री जेवताना बाबा विचारतात, "उद्या कुठे?" आणि आपण मोबाईल काढून बसतो. माझं उत्तर गेली काही वर्षं ठरलेलं आहे: ट्युबिंगन. आईबाबांना नेलं, सासूबाईंना नेलं, पुण्याहून आलेल्या मैत्रिणीला तिच्या दोन मुलांसकट नेलं. प्रत्येक वेळी काहीतरी चुकलं, पुढच्या वेळी ते सुधारलं. त्यातून जो क्रम पक्का झाला तो इथे लिहिते आहे.

ट्युबिंगन नेकर नदीकाठी वसलेलं विद्यापीठाचं गाव आहे. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, आणि विद्यार्थीच पंचवीस हजारांहून जास्त. दुसऱ्या महायुद्धात इथे फारशी पडझड झाली नाही, त्यामुळे जुनं गाव खरोखरच जुनं आहे, नंतर नव्याने बांधून जुनं दिसायला लावलेलं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पंधरा मिनिटांत चालत जाता येतं. पण हे पंधरा मिनिटांचं गाव टेकडीवर आहे आणि रस्ते दगडी फरशीचे. म्हणून क्रम महत्त्वाचा. बहुतेक पाहुणे स्टेशनवरून उतरतात, नदी दिसते, होडीत बसतात, मग जेवतात आणि भर दुपारी किल्ल्याचा चढ चढायला लागतात. तिथे गुडघे बोलू लागतात. याच्या उलट करायचं. चढ सकाळी, नदी संध्याकाळी. एवढं पाळलं तरी अर्धी सहल साधली.

वार कोणता

शनिवार सगळ्यांत चांगला. दुकानं उघडी, किल्ल्यातलं संग्रहालय उघडं. रविवारी गाव शांत आणि सुंदर असतं, पण दुकानं बंद, म्हणजे पाण्याची बाटलीसुद्धा स्टेशनवर किंवा उपाहारगृहातच मिळणार. सोमवार-मंगळवार टाळा, कारण किल्ल्यातलं संग्रहालय त्या दोन दिवशी बंद असतं. पहिल्या खेपेला आम्ही सोमवारीच गेलो होतो. बाजाराच्या चौकात भाजीचा बाजार छान भरला होता (तो सोमवार, बुधवार, शुक्रवारी भरतो), पण वर जाऊन बंद दारासमोर उभे राहिलो. बाजारही हवा आणि संग्रहालयही हवं असेल तर बुधवार किंवा शुक्रवार गाठा.

होड्या साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. होडी ही दिवसाची शेवटची गोष्ट आहे, म्हणून मे ते सप्टेंबर हा काळ धरा. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे चॉकलेटची मोठी जत्रा भरते, मुलांना ती फार आवडते. पण त्या दिवसांत गल्ल्यांतून मुंगीलाही वाट मिळत नाही आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

गाडी आणि तिकीट

श्टुटगार्टच्या मुख्य स्थानकावरून थेट जलद प्रादेशिक गाडी पाऊण तासाच्या आसपास पोचवते, हळू गाडी तासाहून जास्त घेते. जर्मनी-तिकीट (देशभरातल्या प्रादेशिक गाड्या आणि बसमध्ये चालणारं महिन्याचं तिकीट) असेल तर वेगळं काहीच काढायला नको. २०२६ च्या जानेवारीपासून ते महिन्याला ६३ युरो झालं आहे. आईबाबा तीन महिने राहणार असतील आणि आठवड्यातून एकदा जरी बाहेर पडणार असतील, तरी त्यांच्या नावाने काढणं परवडतं. फक्त ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. ज्या महिन्याअखेर थांबवायचं त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करा. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा.

जर्मनी-तिकीट नसेल आणि तीन-चार जण असाल, तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग तिकीट घ्या. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर दिवसभर फिरता येतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊपासून चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. तिकिटावर प्रत्येकाचं नाव लिहिणं बंधनकारक आहे, आणि ते आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. श्टुटगार्ट स्थानकाचं बांधकाम वर्षानुवर्षं चालू असल्यामुळे गाड्यांचे मार्ग आणि फलाट बदलत राहतात. आदल्या रात्री अॅपवर एकदा पाहाच, आणि फलाटापर्यंत चालायला पंधरा मिनिटं जास्तीची धरा.

गाडीच्या दिशेने तोंड करून डाव्या खिडकीशी बसा. एसलिंगनच्या आधीच द्राक्षमळ्यांचे टप्पे दिसू लागतात, पुढे मेत्सिंगन गेलं की श्वाबन आल्बच्या डोंगररांगा. बाबा तिथे म्हणाले होते, "हे तर आपल्या वाईच्या बाजूला आल्यासारखं वाटतंय." रंग वेगळा, पण डोंगराची ती सपाट माथ्याची रेघ खरंच ओळखीची वाटते.

पिशवीत काय असावं

इथे एक गोष्ट जर्मनीतल्या इतर बहुतेक गावांहून वेगळी आहे. १ जानेवारी २०२२ पासून ट्युबिंगन नगरपालिका एकदाच वापरून फेकायच्या भांड्यांवर कर घेते: कॉफीच्या कागदी पेल्यावर किंवा खाण्याच्या खोक्यावर ५० सेंट, प्लास्टिकच्या चमच्यावर २० सेंट. प्रकरण सर्वोच्च पातळीवरच्या संविधान न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या निकालात न्यायालयाने कर वैध ठरवला. चार जणांचा चहा-कॉफी-आईस्क्रीम असा दिवस धरला तर चार-पाच युरो सहज जातात. आपल्याला सोपं आहे: घरून स्टीलचा डबा, दोन चमचे आणि पाण्याच्या बाटल्या न्या. कॉफीवाल्यापुढे आपला पेला ठेवला तर तो आनंदाने त्यात भरून देतो.

बाकी: पकड असलेले बूट (साडीवर चपला घालून हा चढ नको), छत्री, सुटी नाणी, आणि आईबाबांच्या प्रवास-विम्याच्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये.

पहिला तास: पूल आणि बेट

नऊ-साडेनऊला ट्युबिंगनला उतरा. स्टेशनमधून बाहेर पडून नदीच्या दिशेने सरळ चालत राहिलात की दहा मिनिटांत नेकरवरचा पूल येतो. पुलावर थांबायचं, पण फार नाही. इथूनच तो प्रसिद्ध देखावा दिसतो: पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी पिवळी, गुलाबी, हिरवट घरं, त्यांच्यामागे चर्चचा मनोरा, काठावर विलोची झाडं. सगळे पुलावरूनच फोटो काढतात. तुम्ही मधल्या पायऱ्यांनी खाली बेटावर उतरा.

नदीच्या मधोमध असलेल्या या लांबट बेटावर प्लॅटेन वृक्षांची दुहेरी रांग आहे. झाडं दोनशे वर्षांच्या आसपासची, खोडांवर पांढुरक्या-हिरव्या सालींचे पोपडे. सकाळी इथे धावणारे चार विद्यार्थी आणि कुत्र्याला फिरवणारी एखादी आजी, बाकी शांतता. रांगेतून दोनशे-तीनशे पावलं गेलात की समोरच्या काठावरची घरं अगदी नाकासमोर येतात आणि पाण्यात उलटी दिसतात. वारा नसताना, म्हणजे सकाळीच, हे प्रतिबिंब स्वच्छ मिळतं. फोटो इथून काढा. मग परत पुलावर या. बेटावर बाक भरपूर आहेत. बाबांना बसवून घरचा चहा पाजायची हीच जागा.

पिवळा मनोरा

पूल ओलांडून गावाच्या बाजूला आलात की डावीकडे नदीला लागून एक चिंचोळी वाट जाते. त्या वाटेवर टोकदार छपराचा पिवळा गोल मनोरा आहे. फ्रीडरिश ह्योल्डरलिन हा जर्मन भाषेतल्या सर्वांत थोर कवींपैकी एक. १८०६ साली त्याला मनाच्या आजारासाठी इथल्या रुग्णालयात आणलं. पुढच्या वर्षी, आता फार तर तीन वर्षं जगेल असं सांगून डॉक्टरांनी त्याला सोडून दिलं. एर्न्स्ट त्सिमर नावाच्या सुताराने त्याचं लेखन वाचलेलं होतं. त्याने या कवीला आपल्या घरी ठेवून घेतलं. तीन वर्षं म्हटलेला माणूस छत्तीस वर्षं जगला, १८४३ पर्यंत, याच मनोऱ्यातल्या खोलीत. सुतार वारल्यावर त्याच्या मुलीने कवीची काळजी घेतली.

मूळ इमारत १८७५ मध्ये जळाली आणि पुन्हा बांधली गेली, तरी खोलीच्या खिडकीतून दिसणारी नदी तीच आहे. आतलं प्रदर्शन २०२० मध्ये नव्याने मांडलं आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. जर्मन येत नसेल तरी आत जा. कवितेची लय पावलांनी अनुभवता येईल अशी मांडणी आहे. कवी चालता चालता रचायचा, म्हणून. आठवड्यातले काही दिवस बंद असतो आणि उघडतोही अकराच्या सुमारास, तेव्हा वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. सकाळी बंद असला तर संध्याकाळी होडीच्या आधी या, हीच वाट तेव्हाही लागणार आहे.

चढाची वाट

मनोऱ्यामागून वर आलं की गुलाबी रंगाची मोठी इमारत लागते, तिचं नाव बुर्स. विद्यापीठ १४७७ चं, ही इमारतही त्याच वेळची, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी बांधलेली. पुढे १८०५ मध्ये इथेच विद्यापीठाचं पहिलं रुग्णालय झालं, आणि ह्योल्डरलिनला आणलं ते इथेच. म्हणजे त्याचा रुग्णालयापासून घरापर्यंतचा प्रवास शंभर पावलांचा होता.

विद्यापीठ स्थापणाऱ्या काउंट एबरहार्डचं नाव तुम्हाला गावभर दिसेल. ज्या वर्षी त्याने विद्यापीठ उघडलं त्याच वर्षी, १४७७ मध्ये, त्याने ज्यूंना गावाबाहेर काढलं. जुन्या गावात एका गल्लीचं नाव आजही ज्यूगल्ली असं आहे. मी पाहुण्यांना हेही सांगते. देखणी जागा दाखवताना तेवढंच दाखवून परत आणणं मला बरं वाटत नाही.

आणखी थोडं वर एव्हान्जेलिकल श्टिफ्ट आहे. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या हुशार मुलांसाठी १५३६ मध्ये सुरू झालेलं विद्यार्थिगृह. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा योहानेस केप्लर १५८९ मध्ये इथे शिकायला आला. दोनशे वर्षांनी पुढे मोठे तत्त्वज्ञ झालेले हेगेल आणि शेलिंग, आणि आपला ह्योल्डरलिन, हे तिघं इथे एकाच खोलीत राहत. अंगण डोकावण्यापुरतं पाहावं. आत आजही विद्यार्थी राहतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा.

इथून किल्ल्यापर्यंतचा चढ खरा. अंतर थोडं, पण दगडी आणि उभा. दहा मिनिटांचा चढ वीस मिनिटांत करा. वाटेत दुकानं आहेत, थांबायला निमित्त मिळतं. बाबांचा गुडघा दुखरा, तरी सकाळी साडेदहाला ते काठी न घेता चढले. हाच चढ त्याआधीच्या खेपेला दुपारी तीनला त्यांना जमला नव्हता. फार त्रास असलेल्या माणसाला मात्र वर नेऊच नका. त्यांना बाजाराच्या चौकात सावलीत बसवा, तिथे दोन तास कसे जातात कळत नाही.

किल्ला: इथे वेळ द्या

होहेनट्युबिंगन किल्ल्याचं खालचं दार सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, विजयकमानीसारखं कोरलेलं. अंगणात यायला पैसे पडत नाहीत, आणि कठड्यावरून एका बाजूला लाल कौलांचं गाव, दुसऱ्या बाजूला आल्बचे डोंगर दिसतात. पुष्कळ लोक एवढं पाहून परत फिरतात. त्यांचं खरं पाहायचं राहून जातं.

आत विद्यापीठाचं प्राचीन संस्कृतींचं संग्रहालय आहे. तिकीट काढा आणि सरळ हिमयुगाच्या दालनात जा. दालनात उजेड कमी ठेवला आहे. काचेच्या पेटीत एक घोडा आहे. पेटीच्या आधी पाटी वाचलीत तर मोठं काही डोळ्यांसमोर येईल, पण तो घोडा ४.८ सेंटिमीटर लांब आहे. आपल्या करंगळीहूनही लहान. मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला, सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी. पाय तुटले आहेत. पण मान बघा: मानेची ती कमान, खाली झुकलेलं डोकं. नर घोडा कळपासमोर ऐटीत उभा राहतो तेव्हा मान अशीच वळवतो. पृष्ठभाग गुळगुळीत झाला आहे, वर्षानुवर्षं कोणाच्या तरी मुठीत राहिल्यासारखा. आई काचेला जवळजवळ नाक लावून उभी होती. म्हणाली, "अगं, हा कुणीतरी पोराला खेळायला केलेला असणार." खेळणं होतं की पूजेचं होतं हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. १९३१ मध्ये गुस्टाफ रीक यांनी लोनं खोऱ्यातल्या फोगेलहेर्ड गुहेत उत्खनन केलं, तेव्हा हा घोडा, एक मॅमथ आणि अशीच इतर चिमुकली जनावरं मिळाली. ती गुहा आणि परिसरातल्या आणखी पाच गुहा २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. माणसाने घडवलेल्या सगळ्यांत जुन्या मूर्तींपैकी काही इथे आहेत, आणि शनिवारीसुद्धा त्या दालनात कधी कधी आपण एकटेच असतो.

पुढच्या दालनांत गीझाहून आणलेली, इजिप्ती थडग्यातली नैवेद्याची खोली आहे, चित्रलिपी कोरलेल्या भिंतींसकट. मुलं तिथे रमतात. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती मी भराभर पाहून पुढे जाते.

किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघराकडे मात्र जायलाच हवं. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाने तिथे रसायनाची प्रयोगशाळा थाटली होती. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर हा पंचविशीतला स्विस तरुण तिथे काम करत होता. जवळच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून तो पुवाने भरलेल्या मलमपट्ट्या मागवायचा, त्यातल्या पांढऱ्या पेशी धुऊन वेगळ्या काढायचा. त्या पेशींच्या केंद्रकातून त्याला एक पदार्थ मिळाला, जो कुठल्याच ठाऊक प्रथिनासारखा वागेना. त्याने त्याला न्यूक्लेइन म्हटलं. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. थंड, जाड भिंतींची ती खोली आता छोटं प्रदर्शन झाली आहे. दहावी-बारावीतली मुलं बरोबर असतील तर त्यांना ही गोष्ट त्या खोलीत उभं राहूनच सांगा.

किल्ल्यात मिळून दोन तास लागतात. कमी करू नका.

जेवण

साडेबारा-एकला खाली या. जेवण श्वाबन, म्हणजे या भागातल्या, पद्धतीचं असतं आणि शाकाहारी माणसाने चार गोष्टी लक्षात ठेवायच्या.

केझश्पेट्झलं निर्धास्त मागवा: अंड्याच्या पिठाच्या मऊ शेवया, वर वितळलेलं चीज आणि कुरकुरीत तळलेला कांदा. अंडं चालत नसेल तर मात्र हा पदार्थ गेला. मसूर आणि श्पेट्झलं हा इथला अगदी घरगुती पदार्थ. आंबटसर मसुराची उसळच म्हणा. तो सॉसेजसोबत येतो, "सॉसेज नको" असं आधी सांगा, आणि मसूर शिजवताना डुकराचं मांस घातलं आहे का तेही विचारा. माउलटाशन ही सारण भरलेली मोठी चौकोनी पुरणाची घडी समजा, पण सारणात सहसा मांस असतं. उपवासाच्या शुक्रवारी देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात लपवलं, अशी गोष्ट इथले लोक सांगतात. पालकाचं सारण असलेले शाकाहारीही मिळतात. बटाट्याचं सॅलड पाहून भुलू नका: श्वाबन पद्धतीत ते बरेचदा मांसाच्या रश्शात कालवतात. ब्रेत्सल या गाठीच्या आकाराच्या पावाच्या पिठातही काही बेकऱ्या डुकराची चरबी घालतात. संकोच न करता विचारा, विचारलं म्हणून इथे कोणाला राग येत नाही. "ओनं फ्लाइश, ओनं श्पेक" म्हणजे मांस नको, डुकराची चरबी नको. आईने हे वाक्य गाडीत पाठ केलं होतं आणि स्वतः म्हणून दाखवलं. वाढणारी मुलगी इतकी खूश झाली की तिने स्वयंपाकघरात जाऊन स्वतः खात्री करून घेतली.

पाणी मागितलं की बुडबुड्यांचं येतं. साधं हवं तर "श्टिलेस वासर" म्हणा. तेही विकतच असतं.

चौक, पुस्तकाचं दुकान आणि संस्कृतचा धागा

बाजाराच्या चौकात नगरभवन आहे, १४३५ चं. दर्शनी भिंत चित्रांनी भरलेली, ती चित्रं १८७६ मधली, विद्यापीठाच्या चारशेव्या वाढदिवसाची तयारी म्हणून काढलेली. वरच्या घड्याळाकडे नीट पाहा: १५११ मध्ये योहानेस श्टोफलरने रचलेलं हे खगोलीय घड्याळ राशी आणि चंद्राच्या कला दाखवतं. पंचांग वाचणाऱ्या माणसाला तिथून हलवणं कठीण जातं.

चौकातून म्युन्त्सगल्लीने चर्चकडे जाताना एका घरावर "इथे गटे राहिला होता" अशी पाटी आहे; गटे म्हणजे जर्मन महाकवी. १७९७ च्या सप्टेंबरमध्ये तो आपल्या प्रकाशकाकडे, कोटाकडे, उतरला होता. शेजारच्या विद्यार्थ्यांच्या घरावरची पाटी मात्र "इथे गटेला उलटी झाली" असं सांगते. मुलांना दाखवा, हसतात.

श्टिफ्ट्सकिर्श हे पंधराव्या शतकाच्या अखेरीचं चर्च. आत व्युर्टेम्बर्गच्या राजघराण्याच्या दगडी समाध्या आहेत, झोपलेल्या पूर्णाकृती मूर्तींसकट. मनोरा चढता येतो, पण किल्ला झाला असेल तर गरज नाही.

चर्चसमोरचा चौक म्हणजे होल्त्समार्क्ट. तिथल्या हेकेनहाउअर या जुन्या पुस्तकाच्या दुकानात १८९५ ते १८९९ हेरमान हेस्से कामाला होता. पुढे १९४६ चं नोबेल मिळवणारा हा लेखक इथे पुस्तकं बांधून द्यायचा, हिशेब लिहायचा. त्याची आई केरळात तलश्शेरीला जन्मलेली. त्याचे आजोबा हेरमान गुंडर्ट ट्युबिंगनला शिकून मिशनरी म्हणून मलबारात गेले आणि त्यांनी मल्याळमचा मोठा शब्दकोश केला, जो १८७२ मध्ये निघाला. केरळी माणसं गुंडर्टांचं नाव आजही आदराने घेतात. त्यांची मल्याळम हस्तलिखितं इथल्या विद्यापीठ ग्रंथालयात आहेत.

माझ्या आईने साताऱ्याला शाळेत पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. तिच्यासाठी या गावाची खरी ओळख वेगळी होती: रुडोल्फ रोट. हे गृहस्थ इथे प्राध्यापक आणि ग्रंथपाल होते, १८९५ मध्ये इथेच वारले. ओट्टो ब्योटलिंक यांच्यासोबत त्यांनी केलेला संस्कृत-जर्मन महाकोश १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सेंट पीटर्सबर्गहून सात खंडांत निघाला. वेदांतले शब्द रोट यांनी सांभाळले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेल्या संस्कृत महाकोशाच्या कामाआधी एवढ्या आवाक्याचं दुसरं काम नव्हतं. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची काश्मीरची भूर्जपत्रावरची शारदा लिपीतली पोथीही रोट यांच्याकडे आली, काश्मीरचे महाराजा रणबीरसिंह यांच्याकडून, आणि आज ती विद्यापीठ ग्रंथालयात आहे. ती सहज पाहायला मिळत नाही. पण तिची छायाचित्रं १९०१ मध्येच छापली गेली आहेत. ग्रंथालयाच्या इमारतीपर्यंत चौकातून पंधरा मिनिटं चालायचं. आई बाहेरून इमारतीला नमस्कार करून आली.

खालचं गाव आणि मिरचीचं चित्र

चौकातून उत्तरेला उतरलं की गर्दी एकदम ओसरते. इथे पूर्वी द्राक्षमळेवाले आणि शेतकरी राहत; वर प्राध्यापक, खाली कष्टकरी. लाकडी चौकटींची घरं, खालच्या मजल्यावर रुंद दारं, आणि गल्लीच्या कडेने वाहणारा आमर नदीचा कालवा. त्यावर जोगिणींचं घर म्हणून ओळखली जाणारी पंधराव्या शतकातली इमारत आहे. सोळाव्या शतकात तिथे लेओनहार्ट फुक्स राहायचे. ते वैद्यकाचे प्राध्यापक होते. घराजवळ त्यांनी औषधी वनस्पतींची बाग केली. फुक्सिया हे फूल त्यांच्याच नावाचं. १५४२ मध्ये त्यांनी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ काढला. त्यात मिरचीच्या रोपाचं चित्र आहे, आणि नाव दिलं आहे कालिकतची मिरी. मिरची अमेरिकेतून आली होती, पण फुक्स यांना वाटलं ती भारतातली. आपण तोवर मिरची नुकती कुठे पाहू लागलो होतो.

पाऊस आला तर इथल्याच धान्यकोठारात नगरसंग्रहालय आहे. विल्हेल्म शिकार्ड या ट्युबिंगनच्या प्राध्यापकाने १६२३ मध्ये रचलेल्या गणनयंत्राची प्रतिकृती पाहा, आणि लोटे राइनिगर यांच्या कात्रणांच्या सावल्या. काळ्या कागदातून कापलेल्या बाहुल्यांवर त्यांनी १९२० च्या दशकात पूर्ण लांबीचा चित्रपट केला. आपल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला तिथे फार बोलकं वाटतं.

ज्यांना गावापेक्षा शांतता जास्त हवी त्यांनी खालचं गाव सोडून बसने बेबनहाउझनला जावं, पाच-सहा किलोमीटरवर. बाराव्या शतकाच्या अखेरीचा मठ, भोवती श्योनबुखचं जंगल. व्युर्टेम्बर्गचा शेवटचा राजा १९१८ मध्ये पायउतार झाल्यावर तिथे राहिला आणि १९२१ मध्ये तिथेच वारला. पण मठ आणि होडी दोन्ही एका दिवसात घाईचं होतं. दुसऱ्या खेपेला ठेवा.

शेवटी होडी

साडेचार-पाचला पुलाशी परत या. पुलाजवळच पर्यटन कार्यालय आहे. सकाळी येतानाच तिथे संध्याकाळच्या फेरीची जागा सांगून ठेवली तर बरं.

श्टॉखरकान ही लांब, सपाट तळाची लाकडी होडी. इंजीन नाही, वल्हं नाही. मागे उभा असलेला मुलगा किंवा मुलगी सात-आठ मीटरची काठी नदीच्या तळाला टेकवून ढकलते. काठी तळाला लागते तो "ठक्" असा मऊ आवाज, मग ओल्या काठीवरून ओघळणारं पाणी, मग होडीचं पुढे सरकणं. तासाभराची फेरी बेटाला वळसा घालते. बसायला दोन्ही कडांना फळ्या असतात, पाय पुढे पसरून बसायचं. उतरता-चढताना म्हाताऱ्या माणसाला दोघांनी हात द्या, होडी हलते. पुढे बसलात तर पाणी उडत नाही.

कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारी, म्हणजे मे-जूनमध्ये, विद्यार्थ्यांची होड्यांची शर्यत असते. १९५६ पासूनची. हरणाऱ्या होडीतल्या प्रत्येकाला अर्धा लिटर माशाचं तेल प्यावं लागतं. त्या दिवशी काठावर उभं राहायलाही जागा नसते. पाहायची असेल तर सकाळीच बेट गाठा, आणि त्या दिवशी बाकी काही ठरवू नका.

संध्याकाळच्या उन्हात सकाळी पाहिलेली घरं वेगळीच पिवळी दिसतात, कारण ऊन आता पश्चिमेकडून, नदीच्या बाजूने येतं. पिवळ्या मनोऱ्याखालून होडी गेली तेव्हा बाबांनी काठी चालवणाऱ्या मुलाला खुणेने विचारलं, मी थोडी धरू का? त्याने हसून मान हलवली, जमणार नाही म्हणाला, पण वळणावर होडी पाच मिनिटं थांबवली. आईने डब्यातल्या शंकरपाळ्या सगळ्या होडीभर वाटल्या.

स्टेशनकडे परतायला दहाऐवजी वीस मिनिटं धरा, पाय दमलेले असतात. श्टुटगार्टकडे गाड्या संध्याकाळीही बऱ्याच असतात, तेव्हा एक चुकली तर धावू नका. जाताना डावीकडे बसला होतात, येताना उजवीकडे बसा. आल्बचे डोंगर आणि एसलिंगनचे मळे पुन्हा त्याच खिडकीत येतील.